डावरा तलवारवाला

कुरुळी, १२ एप्रिल १९७६, सोमवार
जत्रेत तंबूचा सिनेमा आलाय. सून शांता म्हणाली, "आत्याबाई, या वयात सिनेमा?" म्हटलं, मग काय आंधळी झाल्यावर जाऊ? सायकलवाल्याच्या रजियाबीला घेऊन गेले. पुरुष पडद्याच्या पुढं, आम्ही बायका पडद्याच्याच मागल्या अंगाला. पडद्यावरची अक्षरं काही लागेनात. रजियाबी म्हणे, "इंग्रजी असतील, आक्का."
पण तो गडी! तोंडावर काळा मुखवटा, डोळे तेवढे दिसतात, पण डोळ्यांनीच हसतो. सज्ज्यातून थेट घोड्यावर उडी. म्हातारीला नाडणाऱ्या सुभेदाराची मिशी तलवारीच्या टोकानं उतरवली, रक्ताचा थेंब नाही. मी शिट्टी मारणार होते, दात नाहीत म्हणून राहिलं.
आणि तलवार डाव्या हातात! आमच्या नातीसारखा, सुमीसारखा डावरा.

१३ एप्रिल
सुमी डाव्या हातानं घास घेत होती. आठ वर्षांची पोर, शांतानं फटका दिला. मी म्हटलं, "अगं, तो मुखवटेवाला डाव्या हातानं सात-सात जणांना लोळवतो. मी बघितलंय." सुमीचा चेहरा असा फुलला! शांता म्हणाली, "बिघडवा पोरीला."
शांताला काय बोलू. माझ्या लेकीचा, कमळीचा, डावा हात मीच चिंधीनं कमरेला बांधायची. वरीसभर. आता तळेगावात नांदते, तरी भाकरी थापताना डावा हात आधी पुढं येतो, मग दचकून मागं घेते. बघवत नाही. तेव्हा मला कोणी असा गडी दाखवला असता तर…

१५ एप्रिल
सुमीनं शाळेत बाईंना ठणकावलं, "तलवारवाला डावरा हाय, आमच्या आजीनं बघितलाय." बाई हसल्या, म्हणाल्या, लिही बाई डाव्यानं. पाटीभर अक्षरं काढून आणली, मोत्यासारखी. मी गूळ दिला.

१६ एप्रिल
रजियाबीच्या नवऱ्यानं तंबूवाल्याचं इंजिन नीट करून दिलं, म्हणून आज आम्हा दोघींना पुढं खुर्च्या. मी तर नऊवारी ठेवणीतली नेसले.
तलवार उजव्या हातात.
पहिल्यांदा वाटलं, दुसराच माणूस. पण हसणं तेच. अक्षरंही लागली, मराठीच होती. रजियाबी माझ्या कानाशी, "आक्का, त्या दिवशी आपण पडद्यामागनं उलटा बघितला की गं." तो घोड्यावरून झेपावत होता, लोक ओरडत होते, आणि मला काही गोड लागेना. तसा उजव्या हातानंही झ्याक लढतो, खोटं कशाला बोलू.

१७ एप्रिल
सांगणार होते. सुमी पाटी घेऊन मांडीवर बसली, डाव्या हातानं माझं नाव काढलं. नाही सांगितलं.

१८ एप्रिल, रविवार
लेक महादूला कंपनीची सुट्टी. म्हणाला, "सुमे, आज तुला पुढं बसवून दाखवतो." पोर नाचायला लागली. तिथं जाऊन तोंडावर पडण्यापेक्षा म्हणून मी तिला जवळ घेतलं, सगळं सांगितलं. आजी उलट्या बाजूला बसली होती, बाळा. तो उजव्याच हाताचा.
रडली नाही. दोन्ही हात पुढं धरून बघितले. मग म्हणाली, "मग आजी, मी कुठल्या हातानं लिहू?"
शांता पीठ मळायची थांबली. दोघी माझ्याकडं बघतायत, आणि मी ही वही पुढ्यात ओढून लिहीत बसलेय.