पहिला नंबर डेनीचा

या दोन हातांनी काय काय बनवलं ते आधी लिहितो, कारण कागदावर माणसाच्या नावाआधी त्याचं काम यावं.

घराचा पुढचा ओटा, ओकच्या लाकडाचा, त्याच्या पायऱ्यांसकट. एकही पायरी करकरत नाही. स्वयंपाकघरातलं टेबल. मांस धुरावर शिजवायची भट्टी, तेलाची दोन पिंपं उभी कापून जोडलेली. झाकण एका बोटाने उघडतं. ती भट्टी मैदानापर्यंत ओढून न्यायची दोनचाकी गाडी. कॉलीनचा पाळणा, जो पुढे ब्रेंटलाही पुरला. आणि गॅरेजच्या भिंतीवरचा निवडीचा फळा: चेरीचं लाकूड, प्रत्येक संघाची एक उभी रांग, प्रत्येक फेरीची एक आडवी, खणाखणात पितळी हूक आणि त्यावर टांगायला पत्र्याच्या पाट्या. पाट्यांवरची नावं ठोकून उमटवलेली आहेत, रंगवलेली नाहीत. रंग उडतो.

हे सगळं बनवणारा मी, लेनर्ड जोसेफ हुडाक, वय अठ्ठावन्न, धंदा पाइप कारखान्यात वेल्डिंग, राहणार लॉरेन, ओहायो, आज स्वखुशीने, कोणी भरीस न घालता, माझ्या पश्चात काय व्हावं ते लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप ठिकाणावर नाही, ती येत्या मंगळवारी बदलणार आहेत. माझ्या वस्तूला दुसऱ्याने टाका घालावा हे मला पसंत नाही, पण तिथपर्यंत माझा हात पोचत नाही. याआधी मी काही लिहून ठेवलेलं सापडलं तर ते रद्द समजावं.

कलम १. घर, बँकेतली शिल्लक, कारखान्याची पेन्शन आणि विम्याची रक्कम माझी पत्नी मार्लीन हिला, बिनशर्त. यावर कोणी बोलायचं नाही. आमचा फुटबॉल संघ स्टोकर्स हरला की रविवारी संध्याकाळी मी कसा असतो ते त्या एकटीलाच ठाऊक आहे, आणि स्टोकर्स बरेचदा हरले आहेत. छपराची पश्चिम बाजू गळते. ते काम माझ्याकडे आहे, झडप बसली की करीन.

कलम २. उरलेल्या वस्तू सहा: स्टोकर्सच्या मैदानावरच्या आमच्या दोन खुर्च्यांचा हक्क (दोन्ही मिळून एकच वस्तू, तोडायच्या नाहीत), ट्रक, भट्टी गाडीसकट, एरी सरोवरात लावलेली बोट, वेल्डिंगचं मशिन आणि हत्यारं, निवडीचा फळा. या सहा वस्तूंची वाटणी मी करणार नाही. दर एप्रिलला आपल्या लीगमध्ये कॉलेजच्या पोरांचा ड्राफ्ट होतो, तसाच यांचा करावा.

ज्याने हा ड्राफ्ट काढला त्याला मी ओळखत नाही, पण माणूस शहाणा होता. इथे बोली लागत नाही. गेला हंगाम ज्याचा सगळ्यात वाईट गेला, तो संघ पहिला उठतो आणि अख्ख्या देशातून हवा तो पोरगा घेतो. जिंकलेला शेवटी. हरलेल्याला आधी विचारतात अशी दुसरी जागा मला आयुष्यात दिसली नाही.

तेव्हा क्रम असा: पहिला माझा धाकटा भाऊ डेनिस ऊर्फ डेनी, दुसरी माझी मुलगी कॉलीन, तिसरा माझा मुलगा ब्रेंट. दुसऱ्या फेरीत पुन्हा तोच क्रम. जागा आमचं गॅरेज, फळ्यासमोर, जिथे दर एप्रिलला आपण सगळे जमून तो ड्राफ्ट बघतो. नावं मार्लीन पुकारील, कारण या लीगची कमिशनर, म्हणजे प्रमुख, तीच आहे. प्रत्येकाला विचार करायला दहा मिनिटं. दहा मिनिटांत तोंड उघडलं नाही तर नंबर पुढच्याला जातो. असा नंबर गमावलेले संघ मी पाहिले आहेत. वर्षभर त्यांचं हसं होतं.

ही गोष्ट मी ईस्टरच्या जेवणाला सगळ्यांच्या कानावर घातली. हॅम कापून झालं होतं.

ब्रेंटला हसू आवरेना. "डॅड, तू मरणाचाही ड्राफ्ट करणार?"

"मरणाचा नाही, सामानाचा."

"आणि मी शेवटी?"

"तुझा हंगाम उत्तम चाललाय. कोलंबसला घर, घरात तीन संडास. माणसं दोन. तिसरा कोणासाठी ठेवलायस, रेफरीसाठी?"

"लेन," मार्लीन म्हणाली, "जेवताना नको."

डेनीने काटा खाली ठेवला. "मला शेवटी ठेव, लेन. उरेल ते दे. तो तुझा जुना थर्मास दिलास तरी पुष्कळ झालं."

"थर्मास यादीत नाही."

"मग मलाही यादीत घेऊ नकोस."

"अंकल डेनी," कॉलीन म्हणाली, "पहिला नंबर मिळालाय तुला, दात काढायला नाही बोलावलेलं. गप बस आणि बीट खा."

त्याने बीट खाल्लं. पण हो म्हणाला नाही. म्हणून हे पुढचं लिहावं लागतंय.

कलम ३. डेनी पहिला का, याची कारणं. कारखान्याने पहिल्याच कपातीत त्याला घरी पाठवलं. पाठोपाठ बायको गेली. मग दारू आली, आणि ती मात्र त्याने स्वतः घालवली. सात वर्षं झाली, थेंब नाही. मधल्या काळात आमची आई अंथरुणाला खिळली. दर रविवारी मी मैदानावर असायचो आणि डेनी तिच्या उशाशी, रेडिओवर सामना लावून. स्टोकर्सने गुण केला की तो आईचा हात धरून वर करायचा. हे मला आईने सांगितलं, त्याने नाही.

या खुर्च्या आमच्या वडिलांनी मिळवल्या. त्यांच्या कागदात दोन्ही थोरल्याच्या नावे होत्या आणि डेनीला त्यांचा जेवणाचा डबा. वडिलांच्या निवडीवर मी मत देत नाही. मत आहे. आई गेल्यावर मी डेनीला कितीदा म्हटलं, चल, शेजारची खुर्ची आहे. त्याचं एकच उत्तर: "तिथे माझं काय काम?"

कलम ४. पहिला नंबर विकता, बदलता किंवा दुसऱ्याला देता येणार नाही. बाकी नंबरांची अदलाबदल खुशाल करा. हे कलम मी रागाने घातलेलं नाही, अनुभवाने घातलं आहे. स्टोकर्सच्या निवडींवर माझ्याइतका विचार खुद्द स्टोकर्सने केला असता तर आज आमच्याकडे दोन तरी चषक असते.

ज्या वर्षी अख्ख्या देशात पहिला नंबर आमचा होता, त्या वर्षी त्यांनी घेतला ट्रेव्हर लँगस्ट्रॉम. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा. दिसायला देखणा, खांदा तोफेसारखा. त्याच वेळी ओटिस बर्डेट मोकळा होता. बर्डेट टॅकल: फेकणाऱ्याच्या पुढे उभा राहायचं, अंगावर येणारा अडवायचा, चेंडूला हात लावायचा नाही. असल्या गड्याचं नाव कोणी घेत नाही. त्याची चूक झाली तरच पुकारतात. मी त्याचे कॉलेजचे सामने मागे-पुढे करून इतके पाहिले की टेप झिजली. त्याचे पाय बघायचे, हात नाही, हे मला कोणी शिकवलेलं नाही. मी गॅरेजमध्ये उभा राहून सांगितलं, "आधी भिंत बांधा, मग खिडकीत कुंडी ठेवा." कुंडी आणली. पहिल्या हंगामात लँगस्ट्रॉम जेवढा वेळ उभा होता त्याहून जास्त वेळ आडवा होता. तिसऱ्या हंगामात खांदा गेला. बर्डेट दुसऱ्या शहरात चौदा वर्षं खेळला.

तरी ती चूक धाडसाची होती. खरी शरम पुढची. काही वर्षांनी पुन्हा पहिला नंबर मिळाला आणि ते घाबरले. पुन्हा चुकलो तर लोक काय म्हणतील? म्हणून नंबरच देऊन टाकला, बदल्यात खालचे तीन घेतले. त्या तिघांपैकी एकाचा गुडघा गेला, एक घरच्या आठवणीने परत गेला, आणि एक आता आपल्याच शहरात गाड्या विकतो. चांगला विकतो, माझा ट्रक त्याच्याचकडचा. पण हरलेल्याला मिळालेला पहिला नंबर भीतीने सोडणं हे हरण्याहून वाईट. डेनी, हे तुला उद्देशून आहे.

(एका वर्षी त्यांनी दुसऱ्या फेरीत किकर, म्हणजे फक्त चेंडूला लाथ मारायला मैदानात येणारा, घेतला. दुसऱ्या फेरीत! त्यावर मी काही लिहीत नाही, डॉक्टरांनी रक्तदाब जपायला सांगितलंय.)

या गुरुवारी मात्र त्यांनी पहिल्याच फेरीत टॅकल घेतला. फेतू लेआवा, हवाईचा पोरगा, पाय बर्डेटसारखे. गॅरेजचा नियम असा की पाटी टांगायच्या आधी ज्याने त्याने नाव बोलायचं, नंतरचं 'मी म्हणत होतोच' चालत नाही. मी नाव आधी बोललो होतो. कॉलीनही बोलली होती, माझ्याही आधी, हे नोंदवतो. पोरीची नजर तयार झाली आहे आणि ती मी तयार केली आहे. त्याची पाटी टांगताना माझे डोळे पाणावले. भट्टीचा धूर होता. भट्टी बाहेर होती, पण वारा होता. लेआवाला सप्टेंबरात मैदानावर उभा राहिलेला मला पाहायचंय, तेव्हा या कागदाची कोणी घाई करू नये.

कलम ५. मार्लीनचा भाऊ नॉर्बर्ट याला ट्रेव्हर लँगस्ट्रॉमच्या नावाची पत्र्याची पाटी. त्या वर्षी गॅरेजमध्ये तो म्हणाला होता, "लेन, तू पाइप जोड, फुटबॉल जाणकारांवर सोड." चुकीचं नाव बोलणाऱ्याने हॉर्सरॅडिशची झणझणीत चटणी चमचाभर खायची हा आमचा रिवाज, नॉर्बर्टने ती आजपर्यंत खाल्लेली नाही. 'निकाल अजून लागायचाय' म्हणतो. लँगस्ट्रॉमला नातवंडं झाली. पाटी देतेवेळी चमचा आणि बरणी मार्लीनने सोबत न्यावी.

कलम ६. आता माझा अंदाज. प्रत्येक ड्राफ्टआधी मी तो फळ्यावर लावतो, हा शेवटचाही लावून ठेवतो.

कॉलीन फळा घेईल. हॉस्पिटलात रात्रपाळी करून आलेली बाई गॅरेजमध्ये पाट्या ठोकत बसते, तिच्यासाठी दुसरी वस्तू नाही. ब्रेंट भट्टी घेईल आणि त्यावर मांस करपवील. आच मंद ठेव, बाळा, आणि झाकण सारखं उघडून बघू नकोस. ट्रक आणि बोट कोणाकडेही जाऊ देत, दोन्ही गंजणारच.

डेनी काय घेईल ते मला ठाऊक आहे. तो उठेल, टोपी काढील आणि वेल्डिंगची हत्यारं मागेल, कारण त्यांनी काम होतं आणि कोणाला वाटणार नाही की याने जास्त मागितलं. डेनी, संकोचाने केलेली निवड ही निवडच नव्हे. भिंत व्हायला कोण लागतो ते मी आयुष्यभर बघत आलो. आमच्या घरात भिंत तू होतास. तू चेंडूला कधी हात लावला नाहीस आणि तुझं नाव कोणी पुकारलं नाही, फक्त चुकलास तेव्हा. म्हणून मार्लीनला सांगून ठेवलंय: तुझं नाव पुकारताना मोठ्याने पुकार, शेजारी ऐकू जाईल असं.

खुर्च्याच घे अशी अट मी घालत नाही. अट घातलेला नंबर हा नंबर नसतो. पण अंदाज लिहून ठेवतो, पाटी ठोकलेली आहे, फळ्यामागे आहे: डेनी हुडाक, दोन खुर्च्या. माझा अंदाज खोटा पाडलास तर चटणी तू खायचीस.

कलम ७. मला स्टोकर्सच्या जर्सीत पुरू नये. आधीच आडवा, त्यात जर्सी. लोकांना वाटेल पुन्हा हरले. निळा सूट घालावा. ओठांवर हसू आणायचा प्रयत्न कोणी करू नये.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, दोन ठिकाणी सुधारला आणि खालील दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली. दोघांनाही या कागदातून काही मिळत नाही. जेवण मिळालं आहे.

सही: लेनर्ड जोसेफ हुडाक

साक्षीदार: १. विल्फ्रेडो क्विन्योनेस, शेजारी. (दुसऱ्या शहराच्या संघाचा पाठीराखा आहे, तरी माणूस खरा.)
२. अर्लीन टोथ, चर्चच्या कचेरीत काम.

स्थळ: लॉरेन, ओहायो, स्वयंपाकघरातल्या टेबलावर.
रविवार, २८ एप्रिल २०२४.

सहीनंतरची नोंद, त्याच दोन साक्षीदारांसमोर. विल्फ्रेडो अजून बटाटा भरलेल्या पिरोगी खातोय.

आत्ता ब्रेंटचा फोन आला होता. म्हणाला, "डॅड, कागद झाला का?"

"झाला."

"मला पहिला नंबर दे. फुकट नको. हॉस्पिटलचं विम्याच्या वरचं सगळं मी भरतो, वर अख्खं छप्पर नवीन घालून देतो. पैसे आज पाठवतो."

"विकायच्यात खुर्च्या?"

तो म्हणाला, "नाही. बसायचंय. मी तिथेच तुझ्या शेजारी बसून मोठा झालो ना, डॅड."

पोरगा खरं बोलत होता, ते आवाजात कळतं. मी म्हणालो, "खुर्च्या दोन आहेत. डेनीकाकाने त्या घेतल्या तर दुसरी मोकळीच असेल. त्याला विचार. मात्र पैशाने नाही, तोंडाने विचार."

"आणि छप्पर?"

"छप्पर मी घालीन."

हे इथे नोंदवायचं कारण एकच. डेनीला वाटतं त्याच्या नंबराला काही किंमत नाही. डेनी, तुझ्या नंबराला आलेली आणि मी परत पाठवलेली किंमत, हॉस्पिटल आणि छप्पर मिळून: एकतीस हजार डॉलर.