कॉलमध्ये टॅब आडवा होईना

४ नोव्हें., मंगळ.
टॅब घेऊन पस्तावलो. फोनवर पोरीचे हात बारीक दिसतात म्हणून मोठा पडदा घेतला, तर व्हिडिओ कॉल लावला की चित्र उभंच. टॅब आडवा धरला तरी उभंच. शीतलचं तोंड दिसतं, हात दोन्हीकडून कापलेले. तिला ऐकू येत नाही, हातानं बोलते. आता हातच कापले तर काय कळणार? तिची आई सुमन घरी असती तर अर्ध्या हातावरून समजली असती, पण ती किनवटला, बहिणीच्या ऑपरेशनला. मी आपला मान हलवून राहिलो. हो, हो. पोरगी लातूरला फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करते. कामाचंच काही असेल.

६ नोव्हें., गुरु.
ज्याच्याकडून टॅब घेतला त्या मोबाइलवाल्याकडे गेलो. ऑटो-रोटेट चालूच. फोटो फिरतात, गाणी फिरतात, कॉलच तेवढा अडून बसतो.
"काका, टॅब ओके हाय. ते अ‍ॅपच उभं राहतंय."
"मग विकताना का न्हाई सांगितलास?"
"तुम्ही इचारलंच न्हाई."
वर हसला! मी गिऱ्हाइकाची मोटर नुसती चालू करून आवाजावरून सांगतो, बेअरिंग गेलंय का वाइंडिंग. अशावरच नांदेडात दुकान उभं केलं. आणि हा म्हणतो ओके हाय.
संध्याकाळी कॉल. शीतल लई खुश. काहीतरी परत परत विचारत होती. मान हलवली. लिहून पाठव असा इशारा केला तर फुरंगटली. मागं एकदा लिहिलं होतं तिनं, "दुनियेला लिहूनच सांगते पप्पा, घरी तरी हातानं बोलू द्या." म्हणून पुढं ताणलं नाही.

९ नोव्हें., रवि.
अ‍ॅप काढलं, परत टाकलं. अपडेट केलं. तसंच. कस्टमर केअरची बाई गोड आवाजात, "रीस्टार्ट करून पाहिलंत का सर?" बाई, सकाळपासून तेच करून राहिलो. तिच्या मागं कुणीतरी डबा उघडल्याचा आवाज आला. जेवा म्हणलं, आणि फोन ठेवला.

१० नोव्हें., सोम.
किनवटहून सुमनचा फोन. 'हॅलो'वरूनच कळलं, भडकलीय.
"मला न इचारता हो म्हणलाव?"
"कशाला?"
"लग्नाला!"
शीतलच्या दुकानात छपाईची मशीन चालवणारा पोरगा. जळकोटचा. त्याच्याशी लग्न करू का, असं विचारत होती म्हणे, आणि पप्पा दर वेळेस हो म्हणले. येत्या रविवारी त्याच्या घरचे आपल्याकडं येणार.
डोकंच फिरलं. टॅब आपटणार होतो. पोराला ऐकू येतं म्हणे. ऐकणारा माणूस किती दिवस हाताकडं बघत बसंल?
सुमन म्हणली, "तिची सगळी बोली शिकला त्यो, वर्षभरात. तुमचं सांगा."
फोन कट केला.

१२ नोव्हें., बुध.
सेटिंग खोदत बसलो. डिस्प्लेच्या आत, त्याच्या आत, एकेका अ‍ॅपला जबरदस्तीनं आडवं करायचं बटण. दाबलं. फिरलं! मोबाइलवाल्याला फोन लावून शिव्या घातल्या. म्हणतो, "मला बी दाखवा की काका, कुठं हाय ते."
मग शीतलला कॉल. पडदा भरून पोरगी, दोन्ही हात कोपरापर्यंत. मी बोट हलवून आधी 'नाही' केलं. ती थांबली. मग तिचे हात जे सुटले ते सुटलेच. भराभर. एक बोटसुद्धा कापलेलं नाही, सगळं साफ दिसत होतं, आणि मला कळलं एवढंच: पप्पा. हो. का?
तेवढ्यात तिच्या बाजूनं त्या पोराचा आवाज आला. "काका, ती काय म्हणून राहिली, सांगू का?" घाबरलेला, पण खोटा नव्हता आवाज. त्याचाच जास्त राग आला.
"तू गप बस," म्हणलो. "लेक माझी हाय. ती सांगंल."
शीतलला इशारा केला: परत. हळू.
तिनं डोळे पुसले, पहिल्यापासून सुरू केलं. दर दोन खुणांना मी थांबवून राहिलो, ती परत करून दाखवून राहिली. लई वेळ.
रविवारी त्यांनी यावं का नाही, अजून काही बोललो नाही.