रुख्माबाईंची पहिली दोन मिनिटं

३ फेब्रुवारी, सोमवार

अकरावं व्हर्जन. सुरुवातीची दोन मिनिटं अजून बसत नाहीत. मान धरली आहे.

फिल्म हिंगणीच्या रुख्माबाईंवर. तीन वर्षांपूर्वी नवरा पहाटे शेतात गेला, वाघानं मारला. दिग्दर्शन धनंजयचं, एडिटिंग माझं. दहा तारखेला कॉलेजात द्यायची आहे. धनंजयला सुरुवात त्यांच्या रडण्यानंच हवी — चेहरा जवळून, डोळ्यांतून पाणी, काळोख, मग नाव. "पब्लिक हलली पायजे, अंकिता!"

मी खुर्चीतून हलले तरी पुष्कळ.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज हेडफोन लावून कच्चं फुटेज सगळं ऐकलं. रडण्याच्या आधी धनंजयचा आवाज आहे. "त्या दिवशी जाताना काय बोलले ते?" एकदा. मग पुन्हा. सात वेळा! सातव्यांदा रुख्माबाई म्हणतात, "बस कर ना बापू आता." आणि पाणी येतं.

त्याचा आवाज कापायचा, "बस कर" कापायचं, पाणी ठेवायचं. केलं. चार क्लिकमध्ये झालं. इतकं सोपं असायला नको होतं.

डबा तसाच परत नेला.

६ फेब्रुवारी

धनंजयला सांगितलं. चिडला. "तू एडिटर हायेस का वकील? मी काय मारून राह्यलतो का तिले?"

नंतर कँटीनमध्ये बसलो. चहावर साय आली. मग म्हणाला, "माहा बाप गेला तवा मले कोणी काहीच विचारलं नाई. सगळे म्हणत, जेवला का. म्हणून मी विचारलं तिले."

त्याचा राग यायचा तोही नीट येईना.

७ फेब्रुवारी

मशीन सुरू केलं. बंद केलं. बस.

८ फेब्रुवारी, शनिवार

दुसरी सुरुवात जुळवली. रुख्माबाई तुराट्यांची मोळी बांधतात. गुडघा रोवून दोरी आवळतात, डोक्यावर घेतात, चालू लागतात. रडणं नाहीच.

धनंजयनं पाहिलं. "यात काही जीव नाई."

"मग त्यांनाच दाखवू दोन्ही. त्या सांगतील ती ठेवू."

त्यानं दोन्ही पुन्हा एकदा पाहिल्या. शेवटी — "चाल. उद्या जाऊ."

घरी आले ती चप्पल न काढताच पलंगावर पडले. जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही.

९ फेब्रुवारी, हिंगणी

बसमध्येच लिहिते आहे, परत येताना. धनंजय शेजारी बसलाय.

खाटेवर लॅपटॉप ठेवून आधी रडण्याची सुरुवात लावली. मला त्यांच्याकडे बघवेना. आणि रुख्माबाई हसायला लागल्या!

"अवं, मोतीबिंदूचं आपरेशन झालतं ना माहं, आठ दिस बी नोहते झाले. तुमचा तो मोठा दिवा थेट डोयात! पानी येनारच."

धनंजयचा चेहरा पडला. "मंग तुम्ही रडल्या नाई?"

त्यांचं हसू थांबलं.

"रडली ना, बापू. न्हानीत, दार लावून. ते कोनाले दाखवाचं नसते."