माफीचे चोवीस फटके

रविवार, ३ नोव्हेंबर १९७४
आजपासून श्रीधरसोबत गोल्फ बंद. हा आमचा स्टोअर्स ऑफिसर. हिंगण्याच्या कारखान्यात आम्ही बरोबरच लागलो, गोल्फही बरोबरच सुरू केला. पण गड्याची झेप तेवढीच! बॉल गवतात गेला की स्वतःच खो-खो हसतो. कच्च्यांसोबत खेळून माणूस कच्चाच राहतो. सुधारायचं तर तगड्यांसोबत खेळावं. तोंडावर सांगून टाकलं. म्हणाला, बरं हाय गा. आणि दोन नवशिके घेऊन बेसा गावाबाहेरच्या माळावर गेला. जा म्हणावं. ढेकळं फोड.

रविवार, १० नोव्हेंबर
घ्या! महादेवराव साहेबांनी स्वतः बोलावलं. आमचे वर्क्स मॅनेजर, क्लबातले पट्टीचे खेळाडू. २६ जानेवारीच्या जोडीच्या मॅचला मी त्यांचा पार्टनर. म्हणाले, माह्या जोडीले तूच पायजे. मार्चमध्ये डेप्युटी मॅनेजरची खुर्ची रिकामी होते, आणि तिच्यावर कोण बसणार हे साहेबच ठरवणार. प्रेमिलाला म्हटलं, मोठ्या क्वार्टरच्या पडद्यांचं कापड आणून ठेव. ती म्हणते, पन तुमालेच काहून घेतलं? घरच्या माणसाचे गुण बायकोला कधी दिसत नाहीत.

रविवार, १ डिसेंबर
साहेबांचा खेळ जवळून पाहतोय. पाहणं हेच खरं शिक्षण. माझा एक बॉल बाभळीत, एक नाल्यात, एक म्हशीला. म्हैस मध्ये आली. तरी जोडी जिंकली! साहेबांनी पाठ थोपटली.

एकच गोष्ट खुपते. क्लबच्या बोर्डावर माझ्या नावापुढे हँडिकॅप चोवीस. म्हणजे गडी कच्चा, म्हणून दर गेमला चोवीस फटके माफ, हिशेबातून वजा. ही तर भीक! आणि श्रीधरच्या नावापुढेही चोवीसच. मला आणि त्या ढेकळफोड्याला एका तागडीत तोलतात.

रविवार, ५ जानेवारी १९७५
भीक परत केली. सेक्रेटरीकडे जाऊन चोवीसचे बारा करून घेतले. तो डोळे फाडून बघत राहिला. म्हणाला, लोक वाढवून मागतात, चांगला स्कोअर लपवतात. स्वतः होऊन कमी मागणारे तुम्ही पहिलेच. पहिलाच! साहेबांना सांगितलेलं नाही. २६ तारखेला सरप्राइज. प्रॅक्टिसची गरज वाटत नाही.

रविवार, २६ जानेवारी, संध्याकाळ
पहिल्या फटक्याआधी सेक्रेटरीने सगळ्यांचे हँडिकॅप मोठ्याने वाचले. माझे बारा ऐकून साहेबांचा चेहरा लालबुंद. अभिमानाने.

हरलो. एकही होल माझ्या नावावर नाही, पण वारा होता. चहाच्या वेळी साहेब चारचौघांत ओरडले, अबे, तू कच्चा होता म्हनून तं घेतलं होतं तुले! त्या माफीच्या फटक्याइवर जिंकून राहिलो होतो आपन. कोनं सांगितलं होतं तुले कमी कराले?

हरल्यावर मोठी माणसंही वाटेल ते बोलतात. मनावर घेतलं नाही. येताना साहेबांच्या गाडीत जागा नव्हती. गाडीत ते एकटेच होते.

रविवार, १६ फेब्रुवारी
साहेबांचा नवा पार्टनर श्रीधर! हँडिकॅप चोवीस! कच्च्याच्या नादाने साहेबांचा खेळ बिघडणार. बिघडो. मी रविवारी क्लबात जातो, पण बारावाल्यांना मी नको, चोवीसवाले मला नको. बाकावर बसून बारकाईने निरीक्षण केलं. श्रीधरचा बॉल हल्ली सरळ जातो. माळावर शिकल्यावर दुसरं काय, तिथे सगळीकडे सरळच. साहेबांची जोडी जिंकली.

शनिवार, १५ मार्च
नोटीस बोर्डावर ऑर्डर लागली. डेप्युटी मॅनेजर, श्रीधर. प्रेमिलाने पडद्यांच्या कापडाचे उशीचे अभ्रे बेतायला घेतले.

दुपारी श्रीधर माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, उद्या ये ना गा माळावर, आमच्यासंगं खेळ. तगड्याइसंगं खेळलं का मानूस सुधरते, तूच तं सांगत होता.

टोमणा नव्हता. मनापासून बोलत होता मूर्ख. मी कच्च्यांसोबत खेळत नाही, असं खडसावून सांगायला तोंड उघडलं.

विचारलं, किती वाजता येऊ, साहेब?