सुट्टी मीच का घ्यायची?

१५ नोव्हें., शनि.
सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बुधवारी. नंतर डोळ्यात सारखे थेंब टाकायचे. घरी कोण थांबणार, हे मला न विचारताच ठरलं. सासूबाई म्हणल्या, "मंगलची सरकारी नौकरी हाय. तुझं काय, प्रायव्हेटच तर हाय." मंगलताई, माझ्या मोठ्या जाऊबाई, खाली मान घालून शेंगा सोलत होत्या.

१६, रवि.
डोकं तापलंय. ताई उमरीला झेडपीच्या शाळेत, त्यांना पगारी रजा. मी इंग्लिश स्कूलची मॅडम, एक दिवस राहिले की पगार कापणार, शिवाय प्रिन्सिपलच्या केबिनबाहेर उभं राहून बोलणी खायची. म्हणजे जिला रजा फुकट तिने जायचं, जिला महाग तिने थांबायचं! आणि त्यांचा ओम शिकतो कुठे? माझ्याच वर्गात. त्यांच्या एका पगारात माझे पाच बसतात, तरी लेकरू माझ्याकडेच.

१७, सोम.
जेवताना सांगून टाकलं. शुक्रवारपर्यंत मी, शनिवारपासून ताई.
ताई म्हणल्या, "माझ्या रजा ओमच्या आजारपणाला ठेवल्यात गं."
"ओमला ताप आला की घरी मीच असते, ताई."
तोंडातून निसटलं वगैरे नाही. म्हणायचंच होतं.
नंतर हे खोलीत, "कशाला भांडून राहिलीस? घराचा हप्ता वहिनीच्या पगारातून जातो, माहीत हाय ना?"
माहीत आहे. दूध, भाजी, वीजबिल माझ्या पगारातून जातं, ते कोणाला माहीत आहे? विचारलं, तर हे दिवा मालवून झोपले.

१९, बुध.
ऑपरेशन नीट झालं. जीव भांड्यात पडला. भांडण आपल्या जागी, पण सासूबाईंचा हात माझ्या हातात होता तेव्हा रडू आलं. थांबतेय शुक्रवारपर्यंत. पुढे एक दिवस नाही. ताई अजून हो म्हणल्या नाहीत. नाहीही नाही.

२१, शुक्र.
थेंब टाकताना सा.बा. एका डोळ्याने माझ्याकडे बघत, "तुला पगार किती गं?" लग्नाला आठ वर्षं, आज पहिल्यांदा कोणी विचारलं. सांगितला.
"एवढ्यासाठी जातीस?"
"हाव. एवढ्यासाठीच."
गालावर ओघळलेला थेंब पदराने पुसला. मग, "मंगलला थेंब टाकता यील का?"
"शिकवते," म्हणलं.

२२, शनि.
डबा भरला. ताई आत साडी नेसत होत्या. शाळेची की घरातली, मुद्दाम बघितलं नाही. थेंबांची बाटली त्यांच्या चहाच्या कपाजवळ ठेवली, कधी टाकायचे ते सांगितलं, चपला घातल्या. मागून सा.बा., "घरात कोण हाय गं?"
दरवेळी "मी हाय" म्हणते. आज नाही म्हणलं. ऑटोत बसेपर्यंत मागे वळले नाही.
मधल्या सुट्टीत लिहितेय. फोन टेबलावर. ताई शाळेत गेल्या असत्या तर एव्हाना घरून फोन आला असता; अजून वाजला नाही.