सॉनातली तिसरी मुलगी

३ मार्च, सोमवार
यतिन आज पानावरून उठला. माझ्यामुळे! त्र्याहत्तराव्या वर्षी मी पोराला पानावरून उठवू शकते, बरंच आहे म्हणायचं.

सिडनीतल्या एका फेस्टिव्हलची मेल आली. माझा लंडनचा जुना सिनेमा दाखवणार आहेत, पंधराला, शनिवारी दुपारी. मी स्टेजवर येऊन बोलावं, असं म्हणतायत. नातीने मेल मोठ्याने वाचली. ‘सेक्स कॉमेडी’ ऐकून सूनबाई कौमुदी पोळी उलटायची विसरली. मिताली म्हणाली, “आज्जी, दॅट्स सो कूल.” यतिन म्हणाला, “आई, हे काय आहे?”

सिनेमा आहे, म्हटलं.

४ मार्च
यतिनला वाटतं, लंडनला आई फक्त टायपिंग करायची. करायचेच. पण आधी मॉडेलिंगही केलं — मोज्यांच्या पाकिटावर पाय माझे, चेहरा दुसरीचा. मग सिनेमे. एअर होस्टेस, महाराजाची मुलगी, शेवटी सॉनातली तिसरी मुलगी. दार उघडायचं, टॉवेल सुटायचा, एखादा टकल्या जिन्यावरून गडगडायचा. झाला सीन. महाराजाच्या मुलीला तर आवाजही दुसऱ्या बाईचा दिला — माझं इंग्रजी म्हणे पुरेसं इंडियन वाटत नव्हतं! त्याचा राग अजून आहे. टॉवेलचा नाही.

६ मार्च
यतिन : “मराठी मंडळात कळलं तर? निदान नाव तरी काढायला सांग.”

तेव्हा सिनेमाच्या श्रेयनामावलीत मला ‘लोला’ करून टाकलं होतं. आता फेस्टिव्हलवाले नावं नव्याने घालतायत; पहिल्यांदा पडद्यावर माझं खरं नाव, चित्रलेखा, येणार, आणि पोटचा मुलगा म्हणतो काढ. नाही काढणार.

९ मार्च, रविवार
यतिनने आज हुकमाचा पत्ता टाकला. “बाबांना कळलं असतं तर काय वाटलं असतं त्यांना?”

अरे, बाबाच शूटिंगला सोडायला यायचे, मी म्हटलं. त्याचा विश्वास बसेना. तडक गराजमध्ये निघून गेला.

खरंच यायचा मोहन. थर्मास घेऊन बाहेर पेपर वाचत बसायचा. शेवटच्या शूटिंगला माझ्यापेक्षा तोच घाबरलेला. डायरेक्टर सगळ्यांसमोर ओरडला — जाड झालीस, टॉवेल पोटावर घट्ट धर! धरला. कुणाला काही सांगितलं नाही. त्यानंतर सिनेमात काम करणं सुटलं.

१३ मार्च
यतिन म्हणाला, मी सोडायला येणार नाही. नको येऊस. मेट्रो आहे, तिकिटाचं ओपल कार्ड आहे.

१५ मार्च, शनिवार
गेले! मितालीला घेऊन, जांभळी साडी नेसून. थिएटर तरुण पोरांनी भरलेलं. नावं आली आणि त्यात मी — चित्रलेखा प्रधान. रडू आलं, लाज कशाला वाटून घेऊ.

स्टेजवर एकाने विचारलं, कशाचा पश्चात्ताप होतो का? म्हटलं, हो, मोज्यांच्या पाकिटाचा. चेहरासुद्धा माझाच हवा होता. खूप टाळ्या पडल्या.

खाली उतरले तर मागच्या दारापाशी यतिन. कधी आला कोण जाणे. त्याच्याच गाडीतून तिघं घरी, केलीव्हिलला आलो.

१६ मार्च
सकाळी चहा घेताना विचारलंन, “एवढं आवडत होतं, तर सोडलंस का?”

सांगून टाकलं. चौथा महिना होता. त्या टॉवेलमागे तू होतास.