उंदराचं प्रोटीन आणि बायाक्काचा पंप

२ डिसेंबर

लॅबमध्ये पेटी आली एकदाची! आत बर्फ, बर्फात बोटाच्या पेराएवढी कुपी, आणि कुपीत — काहीच दिसत नाही! पूड इतकी कमी की काचेलाच चिकटलेली. उंदराचं प्रोटीन, जिवाणूंकडून बनवून घेतलेलं. फुप्फुस कुरतडणाऱ्या एन्झाइमला ते अडवतं. किती अडवतं, ते आम्ही उंदराच्या पेशींवर बघणार. एवढंच. लेबलवर छापलंय — फक्त संशोधनासाठी, माणसांवर वापरू नये.

ते वाचून कानकोंडी झाले. परवा निपाणीत मावसबहिणीच्या साखरपुड्यात काय बडबडले मी! विड्या वळणाऱ्या बायका सगळ्या, निम्म्या खोकणाऱ्या. "एवढी शिकून बेळगावात काय करतीस गं?" म्हणाल्या. मी म्हणाले, "तुमच्या दम्यावर औषध करतेय." आईचा चेहरा असा फुलला! मग खरं सांगायचा धीरच झाला नाही.

५ डिसेंबर

आईचा फोन. "आमची बायाक्का इचारतीया, त्या औषधाचं कुठवर आलं?" बायाक्का म्हणजे शेजारीण, आईबरोबर एकाच कट्ट्यावर विड्या वळते. मी म्हणाले, "चाललंय." निर्लज्ज!

९ डिसेंबर

पेशी मेल्या. पुन्हा पहिल्यापासून.

११ डिसेंबर

पुन्हा फोन. "बायाक्कानं दम्याचा पंप वढायचा सोडलाय. म्हणती, आपल्या पोरीचं औषध येतंय, मग ह्यो कशाला?"

मी ओरडलेच. "पंप सोडू नको म्हणावं तिला!"

"का गं? औषध येतंय न्हवं?"

तेव्हाच सांगायला हवं होतं — आई, थाप मारली मी. ते औषध नाहीच. आणि म्हणाले काय? "येतंय, पण वेळ लागेल." "बरं, सांगीन तिला," म्हणून आईनं फोन ठेवला. हल्ली फार बोलतच नाही, पटकन ठेवते.

१४ डिसेंबर

आज रविवार. निपाणीला जाऊन सांगून टाकणार होते. गेले नाही. बेळगावात विधिमंडळाचं अधिवेशन चालू आहे, गाड्या वळवल्यात, बस उशिरा — सगळ्या सबबी! खरं म्हणजे मनात आलं, बायाक्काच तर आहे, पुढच्या रविवारी सांगू. लिहितानाही लाज वाटतेय. पण आलं मनात.

१८ डिसेंबर

प्रोटीननं एन्झाइम अडवलं! सर खूश, सगळ्यांना कुंदा वाटला. मी माझा तसाच डब्यात ठेवला. विचारलं, "सर, माणसांसाठी कधी?" हसले. "अगं, आपल्या हयातीत झालं तरी पुष्कळ."

२१ डिसेंबर, निपाणी

आईला न कळवता आले. बायाक्का कट्ट्यावर एकटीच, मांडीवर सूप, भराभर वळत होती. मी एका दमात सगळं ओकले — थाप मारली, ते उंदराचं आहे, औषध नाही, पंप घे, पाया पडते तुझ्या!

तिचे हात थांबले. "मला कशाला पंप? मला कुठं दमा हाय गं? त्यो तुझ्या आईचा. पोरीच्या शिक्षणात आपला घोर नको म्हणाली, म्हणून माझं नाव पुढं केलं तिनं."

आत आई खोकत होती.